लिनक्सवर मराठी: चौकोनी डबे का दिसतात आणि प्रिंटर का रुसतो

ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची देखभाल थांबवली. त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतले एक काका लॅपटॉप काखोटीला मारून दारात उभे राहिले. काका निवृत्त मुख्याध्यापक, सध्याचा उद्योग घराण्याचा कुलवृत्तांत. "अरे, हा चांगला चालतोय आणि आता म्हणतात टाकून द्या. पाडव्याला नवा घ्यायचा की काय?"

लॅपटॉप २०१६ चा. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. काकांचा प्रोसेसर सहाव्या पिढीतला. एका वर्षाची वाढीव सुरक्षा मिळते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे यंत्राला काही झालेलं नाही, त्यावर चालणाऱ्या प्रणालीचे दिवस भरले.

अशा लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकता येतं, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. गाडी अडते ती टाकल्यानंतर. वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर ओळख देत नाही, मराठीच्या जागी चौकोनी डबे येतात, आणि ज्या भाच्यानं हे सगळं बसवून दिलं तो एव्हाना परत बंगळूरला गेलेला असतो. माणूस वैतागून म्हणतो, "लिनक्स आपल्यासाठी नाही." खरं तर या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या मजल्यांवरच्या आहेत. गळती कोणत्या मजल्यावर आहे हे कळलं की प्लंबरला कुठं पाठवायचं ते कळतं.

## पाया, बिल्डर आणि घरातलं फर्निचर

लिनक्स हे मुळात फक्त पायाचं नाव आहे. लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना लिहायला घेतलेला हा भाग म्हणजे कर्नल. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वाय-फाय यांच्याशी थेट बोलणं हे त्याचं काम. तुम्हाला तो कधीच दिसत नाही. इमारतीतले पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा आपल्याला कुठं दिसतात?

आपल्याला दिसतं ते घर: खालची पट्टी, मेनू, खिडक्या, घड्याळ, सेटिंग्ज. याला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. इथून पुढे नुसतं डेस्कटॉप म्हणू. विंडोजमध्ये पाया आणि फर्निचर एकाच मालकाचं, वेगळं करता येत नाही. इथे करता येतं. १९९६ मध्ये मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्यानं सुरू केलेला केडीई, त्याच्या पुढच्या वर्षी आलेला ग्नोम, हलक्या यंत्रांसाठीचा एक्सएफसीई, असे बरेच आहेत. पाया तोच ठेवून घर बदलता येतं. हे सगळं एकत्र बांधून चावी हातात देणारा बिल्डर म्हणजे डिस्ट्रो: उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट वगैरे.

काकांना मी केडीईचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप दिला, कारण विंडोजची सवय असलेल्या माणसाला त्यात चुकल्यासारखं वाटत नाही. सेटिंग्ज भरपूर आहेत, थोड्या जास्तच आहेत असं माझं मत. पुढची उदाहरणं त्यावरचीच आहेत. बाकीच्या डेस्कटॉपवर बटणांच्या जागा बदलतील, तत्त्व तेच.

## यंत्राला दुभाषा लागतो

कंपनीनं वाय-फायची चिप बनवली की तिची स्वतःची एक भाषा असते. ती भाषा कर्नलला समजावून देणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. विंडोजच्या जगात दुभाषा पाठवणं ही कंपनीची जबाबदारी. पूर्वी डब्यात सीडी यायची, आठवत असेल. लिनक्समध्ये उलटी रीत आहे. हजारो दुभाषे कर्नलच्या घरातच राहतात. यंत्र जोडलं की आतून कुणीतरी उठतो आणि "मला येते याची भाषा" म्हणतो. म्हणून लिनक्सवर बहुतेक वेळा काहीच बसवावं लागत नाही. विंडोजची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी ड्रायव्हरची सीडी शोधत बसतो आणि यंत्र आपलं कधीच चालू झालेलं असतं.

यातून एक गंमतशीर गोष्ट निघते. लिनक्ससाठी गेल्या महिन्यात बाजारात आलेला लॅपटॉप अवघड आणि सात-आठ वर्षांपूर्वीचा सोपा. नवी भाषा शिकायला दुभाष्यांना वेळ लागतो. जुनी त्यांना तोंडपाठ असते. काकांचा लॅपटॉप या हिशेबानं अगदी योग्य वयाचा.

अडचण येते ती भाषा गुपित ठेवणाऱ्या कंपन्यांशी. काही वाय-फाय चिपा आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं यांची या बाबतीत बरीच वर्षं कुप्रसिद्धी होती. २०१२ मध्ये टॉरवाल्ड्सनं फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला उद्देशून जे बोट दाखवलं, ते इथे वर्णन करण्यासारखं नाही. दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, त्याच कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नलशी जोडणारा भाग खुला केला. वारं फिरलं आहे, पण जुन्या कार्डांना त्याचा फायदा नाही. त्यांच्यासाठी कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' किंवा 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची खिडकी असते.

आणखी एक शब्द कानावर येईल: फर्मवेअर. हा चिपेच्या पोटात जाऊन चालणारा छोटा प्रोग्राम. दुभाषा हजर आहे, पण समोरचा माणूसच झोपेत, अशी स्थिती फर्मवेअर नसलं की होते. तो बहुधा बंद स्वरूपाचा असतो, म्हणून डेबियनसारखे तत्त्वनिष्ठ लोक तो आपल्या मुख्य प्रतीत घेत नसत. मग वाय-फाय चालवायला फर्मवेअर लागायचा आणि फर्मवेअर उतरवायला वाय-फाय लागायचं! २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हा सोवळेपणा सैल केला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबतच येऊ लागला. अशा कोंडीत कुणी आजही सापडलाच, तर फोनला यूएसबी केबल लावून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यावं. यूएसबी टेदरिंगला बहुतेक वेळा वेगळं काही लागत नाही, आणि एकदा इंटरनेट आलं की पुढचं सगळं उतरवता येतं.

## टाकण्याआधी तपासता येतं का?

येतं, आणि ही सोय सोडून थेट टाकणाऱ्यांची मला कीव येते. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर डिस्ट्रोची प्रत तयार करायची, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. याला लाइव्ह सत्र म्हणतात. आतल्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की जुनं विंडोज जसंच्या तसं. लग्नाआधी मुलाकडे चार दिवस राहून येण्यासारखं आहे, आपल्याकडे एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्या व्यवहारात मिळत नाही.

त्या सत्रात वाय-फाय जोडून बघा, यूट्यूबवर गाणं लावून आवाज ऐका, कॅमेरा उघडा, उजेड कमी-जास्त करणारी बटणं दाबा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपून उठल्यावर वाय-फाय किंवा टचपॅड जागा होत नसेल, तर तो त्रास रोजचा होणार. बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही. तिची आशा ठेवू नका. आणि अर्थात, प्रत्यक्ष टाकायच्या आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे सांगावं लागू नये, पण दर वेळी सांगावं लागतं.

## प्रिंटर का रुसतो?

प्रिंटर रुसण्याची गोष्ट जुनी आहे. खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळीची ठिणगीच प्रिंटरमुळे पडली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरनं सुधारणा केली होती: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संगणकावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरमध्ये हेच करायला त्यानं मूळ प्रोग्राम मागितला आणि त्याला नकार मिळाला. तो नकार त्याच्या मनात घर करून राहिला. १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो त्यातला मोठा भाग तिथून आलेला आहे.

आज लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची व्यवस्था पाहते. ती ॲपलच्या मॅकवरही आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतले नेटवर्कवर चालणारे बहुतेक प्रिंटर एक सामायिक भाषा बोलतात, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. माझी कसोटी साधी आहे. कंपनीचं ॲप न टाकता फोनवरून थेट प्रिंट निघत असेल, तर लिनक्सवरूनही निघेल.

खरी पंचाईत जुन्या, स्वस्त, फक्त यूएसबीवर चालणाऱ्या लेझर प्रिंटरांची. या प्रिंटरांच्या डोक्यात जवळजवळ काहीच नसतं. पान कसं उमटवायचं याचा सगळा हिशेब संगणकानं करायचा आणि कंपनीच्या खासगी भाषेत कळवायचा. ती भाषा उघड केलेली नसेल तर दुभाषा आणणार कुठून? काकांकडे नेमका असाच प्रिंटर निघाला. एक अख्खी दुपार मी त्याच्यापुढे घालवली, काकूंचे दोन चहा झाले, पान काही निघालं नाही. शेवटी पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायचं ठरलं. नवा प्रिंटर घेणाऱ्यांनी दुकानात 'एअरप्रिंट चालतं का' एवढं विचारावं. एअरप्रिंट म्हणजे फोनवरून थेट छापायची ॲपलची सोय. दुकानदाराला लिनक्स म्हटलेलं कळेलच असं नाही, हे मात्र कळतं.

## आता अक्षरांकडे: छापखान्यातला जुळारी

मराठीच्या तक्रारी समजायला जुना छापखाना डोळ्यांसमोर आणा. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या देखण्या खिळ्यांसाठी मुंबई प्रसिद्ध होती. त्या काळच्या छापखान्यात खिळ्यांची पेटी असायची, हस्तलिखित वाचून योग्य खिळे उचलून ओळ लावणारा जुळारी असायचा, आणि शाई लावून कागदावर दाबणारा यंत्रवाला असायचा. संगणकावर अगदी हेच चालतं.

हस्तलिखित म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला दिलेला एक ठरलेला क्रमांक. देवनागरीला यात १२८ जागांची पट्टी आहे. या पट्टीत जोडाक्षरं नाहीत. 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ, एवढंच लिहिलेलं असतं. खिळ्यांची पेटी म्हणजे फॉण्ट. जोडाक्षरांचे, अर्ध्या अक्षरांचे, रफारांचे आकार तिच्यात असतात. जुळारी म्हणजे हार्फबझ नावाचा प्रोग्राम. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं तो घडवला, आणि नाव फारसीतलं: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाझ' म्हणजे खुलं. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. पण वेलांटी क च्या आधी दिसायला हवी. ही उलटापालट जुळारी करतो. यंत्रवाला म्हणजे फ्रीटाइप, जो आकार पडद्यावर ठिपक्यांनी उमटवतो. आणि पेटीत खिळा नसला की शेजारच्या पेटीतून आणून देणारा एक भांडारी असतो, त्याचं नाव फॉण्टकॉन्फिग.

आता रोगनिदान सोपं. चौकोनी डबे दिसले तर कोणत्याच पेटीत तो खिळा नाही: फॉण्ट टाका. या डब्यांना इंग्रजीत टोफू म्हणतात, आणि गुगलच्या नोटो या फॉण्टांचं नाव 'नो टोफू' यावरून पडलं. अक्षरं आहेत पण जोडाक्षरं सुटी, वेलांटी चुकीच्या बाजूला, असं असेल तर जुळारी कामावर नाही. दोष त्या एका प्रोग्रामचा, फॉण्ट बदलून काही होणार नाही. आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मराठी अशीच विस्कटते, कारण तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं चौकोनी घर मिळतं आणि देवनागरी तशा घरात मावत नाही. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर हस्तलिखितच वाटेत खराब झालं आहे. मूळ फाइल पुन्हा मागवा.

## फॉण्ट टाकायचा कसा, आणि कोणता?

उतरवलेल्या टीटीएफ किंवा ओटीएफ फाइलवर दोनदा क्लिक करायचं. प्लाझ्मामध्ये फॉण्टचा नमुना उघडतो, खाली 'इन्स्टॉल' असतं. तो विचारेल, फक्त तुमच्यासाठी की सगळ्यांसाठी. घरच्या लॅपटॉपवर 'फक्त माझ्यासाठी' पुरे, पासवर्डही लागत नाही. लिब्रे ऑफिस (वर्डसारखा लिखाणाचा मोफत प्रोग्राम) आधीपासून उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा. 'टाकला पण यादीत येत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

मोफत आणि चांगल्या मराठी फॉण्टांची चणचण आता नाही. नोटो बहुधा आधीच असतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीनं २००४ मध्ये खुला केलेला लोहित आहे. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्ता आणि बालू आहेत, मुक्ता मजकुराला आणि बालू मथळ्याला. आयआयटी मुंबईतला शोभिका संस्कृत उताऱ्यांना शोभतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. काकांच्या पुस्तकासाठी मी मुक्ता सुचवला, त्यांनी शोभिका निवडला. त्यांचंच बरोबर होतं.

मंगल मात्र इथे मिळणार नाही. र. कृ. जोशींनी रेखाटलेला हा फॉण्ट विंडोजसोबत येतो, त्याचा परवाना विंडोजपुरता आहे. मंगलमध्ये लिहिलेली फाइल लिनक्सवर उघडली की भांडारी दुसरी पेटी देतो. मजकूर शाबूत राहतो, पण अक्षरांची रुंदी बदलल्यानं ओळी सरकतात आणि बारा पानांचा अर्ज तेरा पानांचा होतो. फाइल इकडून तिकडे जाणार असेल तर दोन्हीकडे नोटो किंवा मुक्ता वापरा. नाहीतर लिब्रे ऑफिसमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'एम्बेड फॉण्ट्स' निवडा, म्हणजे पेटी हस्तलिखितासोबत प्रवास करते.

## 'देवनागरी दिसतेय ना, मग झालं की!'

झालं नाही. देवनागरी दिसणं आणि मराठी दिसणं यात फरक आहे, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात म्हणून हा भाग जरा सविस्तर.

आपला ल पाकळ्यांचा, हिंदीचा ल उजवीकडे उभ्या दंडाचा. श चंही तसंच. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं म्हणून नमूद आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल चा क्रमांक एकच. मग फॉण्टला कळणार कसं? नोटोसारख्या फॉण्टांत दोन्ही आकार असतात आणि जुळाऱ्याला 'हा मजकूर मराठी आहे' अशी चिठ्ठी मिळाली की तो मराठी आकार उचलतो. चिठ्ठी नसेल तर हिंदी वळणाचा ल येतो, आणि लोक फॉण्टला दोष देतात.

ही चिठ्ठी लिब्रे ऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', मग भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडली की लागते. डेस्कटॉपचे मेनू इंग्रजीत ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा. प्लाझ्मात भाषांची यादी असते. इंग्रजीखाली मराठी जोडून ठेवा.

दुसरा मुद्दा पापणीच्या केसासारख्या र चा. 'आचार्यांनी प्रवचन दिलं' आणि 'आचाऱ्यांनी जिलबी केली' यांतला फरक मराठी माणसाला सांगायला नको. हिंदीला हा र लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या साधनांत तो हरवतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे या कळीवर ऱ मिळतो. त्यापुढे हलन्त आणि य.

तिसरा, ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फॉण्टांत त्याच्या जागी डबा येतो. लोक मग अ ला वेगळा चंद्र जोडून काम चालवत. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण क्रमांक वेगळे. काकांच्या कुलवृत्तांतातले निम्मे 'ॲडव्होकेट' शोधून सापडत नव्हते ते याचमुळे.

## पण टाइप कसं करायचं?

फॉण्ट अक्षर दाखवतो, कळफलकाशी त्याचा संबंध नाही. ही दोन कामं लोक नेहमी एक समजतात. प्लाझ्माच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये 'लेआउट' जोडताना भारताखाली मराठीचा सुधारित इन्स्क्रिप्ट मिळतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. पंधरा दिवसांत हात बसतो आणि बहुतेक भारतीय भाषांना तोच चालतो. ज्यांना रोमन अक्षरांतून लिहायची सवय आहे किंवा रेमिंग्टन टंकयंत्रावर हात बसला आहे, त्यांनी फसिटिक्स (Fcitx) किंवा आयबस (IBus) हे लिखाणाचे प्रोग्राम त्यांच्या 'एम१७एन' (m17n) जोडणीसह टाकावेत. प्लाझ्मामध्ये फसिटिक्स चालू करायची जागा 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या नावाखाली लपलेली आहे. तिथे का, हे विचारू नका.

## 'माझ्या जुन्या फाइलींचं काय?'

काकांच्या कुलवृत्तांताची पहिली दीडशे पानं वीस वर्षांपूर्वीच्या एका मराठी पॅकेजमध्ये टाइप केलेली होती. लिनक्सवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. काकांचा चेहरा उतरला.

त्या काळच्या फॉण्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत भाडेकरू म्हणून राहायची. फाइलीत लिहिलेली इंग्रजी अक्षरंच, फक्त दारावर मराठी मुखवटा. फॉण्ट गेला की मुखवटा गळतो. प्रत्येक कंपनीनं खोल्या आपल्या मर्जीनं वाटल्या, म्हणून एका पॅकेजची फाइल दुसऱ्यात चालत नसे. हा लिनक्सचा दोष नाही. तो फॉण्ट नसलेल्या विंडोजवरही हेच दिसेल.

उपाय म्हणजे रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणणं. कोणता फॉण्ट होता हे अचूक माहीत असलं पाहिजे. रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि तो आचाऱ्यांचा र, या तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. आम्हाला 'कार्यकर्ते' नीट मिळाले, पण पाच पिढ्यांचे 'कारभाऱ्यांचे' वाडे 'कारभार्यांचे' झाले होते.

## अक्षरं पुसट, नाहीतर इवलीशी

पडदा म्हणजे आलेखाची वही. प्रत्येक अक्षर तिच्या चौकोनांत बसवायचं. काकांचा पडदा १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला सुमारे १०० ठिपके. प्लाझ्माचा मूळ आकार १० पॉइंट. त्या हिशेबानं एका ओळीच्या वाट्याला उंचीचे चौदाच ठिपके येतात. त्यात वर रफार आणि मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग, खाली उकार. इंग्रजीला जे पुरतं ते आपल्याला पुरत नाही. 'टेक्स्ट अँड फॉण्ट्स'मध्ये जाऊन ११ किंवा १२ करा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. पडदा दाट ठिपक्यांचा असेल तर फॉण्ट न वाढवता डिस्प्लेच्या पानावरचा 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा, म्हणजे बटणंही मोठी होतात.

तिथेच 'हिंटिंग' दिसेल: रेषा चौकोनांच्या कडेला सरकवून ठळक करणं. शिरोरेषा आडवी असते. ती दोन रांगांच्या मध्ये पडली की करडी, पुसट दिसते. 'स्लाइट' हा पर्याय आकारांना फक्त वर-खाली सरकवतो, म्हणजे शिरोरेषा नेमकी रांगेवर येते आणि अक्षरांची रुंदी बिघडत नाही. मराठीला तोच मानवतो. शेजारचा 'सबपिक्सेल' हा पर्याय ठिपक्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वापरून तीक्ष्णता वाढवतो, पण त्या पट्ट्या उभ्या असल्यानं फायदा उभ्या रेषांना होतो. काना सुधारतो, शिरोरेषा नाही.

याच विषयावर 'अमुक सुधारित फ्रीटाइप टाका' सांगणारे जुने लेख भेटतील. ॲपलकडे हिंटिंगची पेटंट होती, ती २०१० मध्ये संपली. मायक्रोसॉफ्टची सबपिक्सेलची २०१९ पर्यंत संपली. त्या लेखांची गरजही त्यांच्यासोबत संपली.

## 'मोबाइलवर हे सगळं आपोआप होतं, मग इथेच का खटाटोप?'

प्रश्न रास्त आहे. मजा म्हणजे अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे, जुळारी हार्फबझच आहे, यंत्रवाला फ्रीटाइपच आणि पेटी नोटोची. फरक इतकाच की फोन बनवणाऱ्यानं एका ठरलेल्या यंत्रासाठी सगळं जुळवून मगच विकलं. लिनक्स आधीच बसवलेला लॅपटॉप घेतला तर तिथेही हेच होतं. आपण विंडोजसाठी विकलेल्या यंत्रावर दुसऱ्याचं घर थाटतो आहोत, तेव्हा दोन-चार खिळे आपल्याला ठोकावे लागतात.

आणि काहींनी थाटूही नये. टॅलीवर ज्याचं पोट आहे त्यानं विंडोजवरच राहावं. रोज डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून सरकारी संकेतस्थळांवर काम करणाऱ्या सीएनं किंवा वकिलानं आधी दुसऱ्या यंत्रावर महिनाभर करून बघावं. बँक, रेल्वे, ईमेल हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्याला अडचण नाही.

काकांचा लॅपटॉप लावून झाल्यावर मी तपासणीसाठी एक वाक्य टाइप केलं, मराठीच्या सगळ्या अडचणीच्या जागा येतील असं: 'खोऱ्यातल्या आचाऱ्यानं ॲल्युमिनियमच्या पातेल्यात लाल गूळ आणि श्रीखंडाचा चक्का एकत्र ठेवला, हे कोणत्या शास्त्रज्ञाला विचारून?' ल पाकळीचा, श देठाचा, डबा एकही नाही. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. काकांनी चष्मा सारखा केला, वाक्य दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "चक्का आंबट असतो रे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवत नाहीत."